कोलशेतचे तांदूळ

तांदळाच्या गोणी बाहेरच्या खोलीत येऊन पडल्या तेव्हा सरोज खांबेटेला आधी आनंद झाला आणि लगोलग राग आला. रेशनच्या त्या दिवसांत गोणीभर तांदूळ नुसते डोळ्यांनी पाहायला मिळणं हीसुद्धा चैन होती, म्हणून आनंद. आणि राग अशासाठी, की ते ठेवायला साऱ्या डोंबिवलीत पुन्हा तिचीच खोली सगळ्यांना दिसली होती.

खोली तिची, हे आपलं म्हणायचं. मुरबाडच्या भिक्षुकाची ही मुलगी लग्न होऊन गिरगावात थोरल्या दिरांच्या बिऱ्हाडात आली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडदा लावून तिथे तिनं संसाराची पहिली वर्षं काढली. लढाई संपल्यावर रामनगरातल्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा बाहेरच्या खोलीच्या खिडकीपाशी उभं राहून तिनं ठरवून टाकलं होतं, शिवणाचं मशीन इथे ठेवायचं. उजेड चांगला आहे. चार मुलींना शिवण शिकवायचं.

मशीन काही आलं नाही. युनियन आली.

तिचे यजमान त्र्यंबकराव सांताक्रूझला एका खाजगी विमानकंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. डोंबिवली-कल्याणकडून तिकडे नोकरीला जाणारे बरेच होते. कोणी कारकून, कोणी मेकॅनिक. त्या सगळ्यांची युनियन झाली, त्र्यंबकराव तिचे चिटणीस झाले आणि खिडकीपाशी बाक आला. मग भिंतीवर पाटी, मग शाई सांडलेलं टेबल, मग माणसं. आत स्वयंपाक करता करता सरोजला वीस वेळा ऐकू यायचं, "वहिनी, जरा चहा टाका." चहाची पत्ती कुठून येते, असं त्या माणसांपैकी एकानंही कधी विचारलं नाही.

तरी युनियन वाईट, असं तिला कधी वाटलं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात ठाण्याजवळच्या कोलशेतचा खाडीकडचा बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरलं होतं. विमानतळावरचा हमाल काळुराम तिकडचाच. त्यानं सांगितल्यावर हीच माणसं कितीतरी रविवार तिथे जाऊन चिखल वाहत होती. त्र्यंबकराव कमरेपर्यंत बरबटून घरी यायचे. ते धोतर धुता धुता सरोजचे हात दुखून यायचे, पण तिला ते बरं वाटायचं. भाषण करून आलेल्या नवऱ्यापेक्षा चिखल वाहून आलेला नवरा घरात वावरायला सोपा असतो.

संपाचं कारणही काळुरामच होता. एक अवजड पेटी चढवताना नाथा नावाच्या हमालाच्या पायावर पडली आणि पाय ठेचला. काळुराम साहेबाला म्हणाला, असल्या पेटीला आणखी माणसं द्या, तोवर आम्ही हात लावणार नाही. साहेबानं त्याला आणि त्याच्याबरोबरच्या हमालांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. हमाल रोजंदारीवरचे, त्यांना ना कागद ना कायदा. तेव्हा युनियननं संप केला. मागणी एकच, काळुरामला आणि त्याच्या माणसांना परत घ्या.

संप टिकण्याची भिस्त मेकॅनिकांवर होती, आणि त्यांतही भाऊ बिवलकरवर. इंजिन तपासून 'उडवायला हरकत नाही' म्हणून सही करण्याचा अधिकार असलेली माणसं मोजकीच. भाऊ बाहेर होता तोवर विमानं जमिनीवर होती. भाऊ याच चाळीत शेवटच्या खोलीत आईबरोबर राहायचा. अबोल मुलगा. आई वेणूकाकू, तरुणपणीच विधवा झालेल्या. दुसऱ्यांचे पापड लाटून त्यांनी मुलाला वाढवलं होतं, आणि ही गोष्ट कोणी बोलून दाखवली की त्यांना खपत नसे.

पगार थांबले तसे चाळीतले डबे तळाला गेले. कोलशेतकरांना हे कळलं. आपल्यासाठी ही माणसं घरी बसली आहेत म्हटल्यावर गावानं घरोघरचे तांदूळ गोळा केले आणि काळुरामनं गोणी आणून टाकल्या. त्र्यंबकरावांनी बाकावर उभं राहून जाहीर केलं, "ज्याला गरज असेल त्यानं निःसंकोच घेऊन जावं."

कोणीही आलं नाही.

"निःसंकोच म्हटलंत ना, तिथेच चुकलं," सरोज म्हणाली. "आता जो येईल तो संकोच सोडून आला असं होणार."

"तुझं काहीतरीच. श्रमिक बांधवांनी दिलेलं धान्य आहे, भीक नाही."

"ते तुम्ही म्हणता. चाळीत सगळे त्याला शिधा म्हणताहेत. माझ्या वडिलांनी जन्मभर शिधा आणला, मला ठाऊक आहे तो हातात घेताना कसं वाटतं."

ती स्वतः चित्राकडे पदराआड तांदळाचं पातेलं घेऊन गेली. चित्रा पलीकडच्या खोलीतली, तिचा नवरा तिकीट ऑफिसात होता. चुलीवर कढई होती, तेलाचा वास होता, मोहरी तडतडत होती आणि कढईत दुसरं काहीही नव्हतं. सरोजनं ते पाहिलं, आणि सरोजनं पाहिलं हे चित्रानं पाहिलं.

"अगंबाई, आमच्याकडे आहेत की तांदूळ! आंबेमोहोर आहेत," चित्रा म्हणाली. "हे तुम्ही कोणा गरजूला द्या हो."

सरोज पातेलं घेऊन परत आली आणि तिनं ते दाणकन ओट्यावर आपटलं. पोरांना मोहरीच्या वासावर झोपवा म्हणावं! तिचा जीव नुसता जळत होता. भुकेचा राग येण्यापेक्षा या माणसांचा राग जास्त येत होता.

चार दिवसांनी काळुराम आणखी एक गोणी घेऊन आला, बरोबर त्याची बायको तुळसा. उंच, काळीसावळी, ठसठशीत कुंकू लावलेली. एक उसवलेली सोडली तर आधीच्या गोणी शिवलेल्याच होत्या. तुळसानं एका गोणीवर थाप मारली.

"बाय, तांदूल खराब निंगाला का काय?"

"नाही हो, चांगले आहेत."

"मंग नेला का नाय कोनी?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "मी तुला सांगत व्हते. बामनांना आपल्या हातचा तांदूल चालायचा नाय."

"गप गं," काळुराम म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता. "चिखलान उतरले तवा चाललं आनि भात चालंना, असा कसा होईल?"

तुमच्या जातीमुळे नव्हे, आमच्या ऐटीमुळे, हे आगरी बाईला समजावून सांगायचं तर आधी स्वतःला समजायला हवं. सरोजनं त्यांना चहा दिला. बिनदुधाचा.

ती दोघं गेली आणि तिच्या मनात आलं, संक्रांत दोन दिवसांवर आहे. हळदीकुंकवाला तर बोलवावंच लागणार. आणि हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीची ओटी भरली तर ती नाही म्हणू शकत नाही. ओटी परत करणं म्हणजे देवीलाच परत करणं. ओटीत तर तांदूळच असतात! मूठभर घालायचे ते पदर भरून घातले तर कोण अडवणार आहे?

हे सुचलं तेव्हा ती एकटीच हसली. त्र्यंबकरावांना तिनं एवढंच सांगितलं, "संक्रांतीला दुपारी बाकं बाहेर काढा, आणि माणसंही."

हळदीकुंकू नुसतं रंगलं. तिळाला गूळ कमी होता, नारळ तर एकच होता. तो प्रत्येकीच्या ओटीला लावायचा आणि परत ठेवायचा. पण तांदूळ सरोज अडशिरीच्या मापानं घालत होती. पहिली चित्राच बसली. एक अडशिरी पडली तेव्हा ती लाजली, दुसरी पडली तेव्हा म्हणाली, "अहो, काय हे! पुरे!"

"ओटीला पुरे म्हणत नाहीत," सरोज म्हणाली आणि तिसरी घातली.

"पदर फाटेल हो!"

"मग दुसरं टोक धर."

मग हसण्याची लाटच आली. कोणी म्हणालं, सरोजवहिनींच्या घरी अन्नपूर्णा पाहुणी आलीय. कोणी म्हणालं, उखाणा घ्या, नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही. कितीतरी दिवसांत त्या बायका अशा हसल्या नव्हत्या. लुगड्यांचे ओचे आणि पदर भरभरून, पोटुशीसारख्या चालत त्या आपापल्या घरी गेल्या. तिन्हीसांजेला सगळ्या चाळीत भाताचा वास सुटला. सरोज रिकाम्या गोणींची घडी घालत बसली होती. तिच्या आयुष्यात एवढी सरळ जमलेली गोष्ट दुसरी नसेल.

सकाळी ती विहिरीवर गेली तेव्हा वेणूकाकू रहाटापाशी होत्या. तपकिरी लुगडं, डोक्यावरून पदर. सरोजनं नेहमीसारखं "काकू, द्या मी ओढते" म्हटलं. काकूंनी दोर दिला नाही. कळशी भरली, कमरेवर घेतली आणि त्या चालू लागल्या. चालताना एक क्षण त्यांनी विहिरीच्या कठड्याला हात टेकला.

तेव्हा सरोजच्या लक्षात आलं.

चाळीतल्या एकूण एक बाईची ओटी तिनं भरली होती, आणि जिच्या मुलावर सारा संप उभा होता तिच्या घरी एक दाणा गेला नव्हता. हळदीकुंकवाला विधवेला बोलवत नाहीत. न बोलावण्याचं तिनं ठरवलंही नव्हतं. ठरवावं लागतच नाही ते. घरं मनात मोजताना शेवटच्या खोलीशी तिची मोजणी आपोआप थांबली होती.

ती घरी आली, घरात राहिलेले तांदूळ डब्यात भरले आणि तडक शेवटच्या खोलीत गेली. भाऊ घरात नव्हता. वेणूकाकू निवडायला काही नसताना सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काकू, हे ठेवून घ्या."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय... सगळ्यांनाच दिलेत."

"सगळ्यांना वाण दिलंस, मला हे काय? शिधा?" काकूंचा आवाज चढला नाही. "की माझीही ओटी भरणार आहेस? भर. मी पदर पसरते."

"असं काय बोलता! माझ्या ध्यानातच आलं नाही हो. मुद्दाम नाही केलं मी."

"मुद्दाम केलं असतंस तर एवढं लागलं नसतं. इथे बसून ऐकत होते मी तुमचे उखाणे. भाऊ जेवायला बसला होता. जेवायला म्हणजे, पेज होती. मला म्हणाला, आई, सरोजवहिनींकडे काय आहे गं आज?"

इथे पाया पडायला हवं होतं, रडायला हवं होतं. पण सरोजचा स्वभाव तसा नव्हता, आणि इतके दिवस साठलेली चिडचिड नेमकी तिथेच बाहेर आली.

"मग आता काय करू मी? तुमच्या रागापायी तो उपाशी राहू दे? चित्राला ऐट, तुम्हाला मान, यांना तत्त्व! आणि तांदूळ मात्र कोणाला नकोत! तुमच्या भाऊवर त्या काळुरामचं पोट आहे, काकू. भाऊ हलला तर सगळं गेलं."

"काळुरामचं पोट आहे होय?" वेणूकाकू म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंस. भाऊलाही एक पोट आहे, ते मी बघते. डबा उचल."

डबा उचलून ती बाहेर आली. चार दारांतून चार बायका बघत होत्या. कालच्याच.

कंपनीनं सांगून ठेवलं होतं की सोमवारी जो कामावर येईल त्याला काही विचारलं जाणार नाही. सोमवारी भाऊ बिवलकर कामावर गेला. दुपारी पहिलं विमान उडालं. मग एकेक मेकॅनिक गेला, मग कारकून. आठवडा संपायच्या आत कंपनीनं सगळ्यांना घेतलं, त्र्यंबकरावांनासुद्धा. हमालांना मात्र घेतलं नाही. त्यांच्या जागी दुसरे हमाल कधीच आले होते.

त्र्यंबकराव रात्रंदिवस एकच शब्द बोलत होते: फितुरी. भाऊनं फितुरी केली. भाऊला युनियनमधून काढायचं, चाळीत त्याच्याशी आणि त्याच्या आईशी कोणी बोलायचं नाही, विहिरीवर त्यांची पाळी शेवटी. रविवारी सभा घेऊन ठरवायचं.

"काळुरामला कळवलंत का?" सरोजनं विचारलं.

"काय?"

"संप मोडला म्हणून. त्याला परत घेतलं नाही म्हणून."

"कळलं असेल की. कळवू. रीतसर कळवू."

त्या सगळ्या बाकावरच्या माणसांपैकी एकालाही कोलशेतपर्यंत जाऊन ते तोंडानं सांगायचा धीर नव्हता, हे तिला दिसत होतं. रविवारी सकाळी तिनं पिठलं-भात करून झाकून ठेवला, पायांत वहाणा घातल्या आणि "येते जाऊन" म्हणाली. कुठे, हे विचारायच्या आत ती जिना उतरली होती.

आगगाडीनं ठाण्याला उतरून टांग्यानं कापूरबावडीपर्यंत आणि पुढे चालत. एकटी बाई चालली आहे म्हणून बैलगाडीवाले वळून बघत होते. कोलशेतला पोचेपर्यंत तिचे ओठ सुकले होते. काळुराम अंगणात जाळं विणत बसला होता. तिला पाहून तो उठला आणि आत ओरडला, "तुलसे, पानी आन. डोंबिवलीच्या वहिनी आल्या."

सरोजनं वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आलं नाही. "मोडला हो संप," एवढंच ती म्हणाली.

"ठावा हाय," काळुराम म्हणाला. "मी मिठागरावर जातो परवापासून. शेटशी बोललोय."

"भाऊ गेला कामावर. त्याच्यामुळे..."

"त्याला मीच जा म्हटला."

सरोज ओट्याच्या कडेला टेकली.

"आदल्या रविवारी आला व्हता इथं. तुमी बसल्यात ना, तिथंच बसला," काळुराम जाळ्याची गाठ ओढत म्हणाला. "म्हनला, काळुराम, तू सांगशील तं नाय जात. पन घरान आई हाय, ती कोनाचा घेत नाय, आनि मी रोज तिच्यासमोर पेज पितो. मी म्हटला, जा बाबा. आई हाय ती. आमचं काय, खाडी हाय, मिठागर हाय. तुमच्या चालीन खायाला काय हाय?"

तुळसा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "आमी येवढा तांदूल दिला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती. "येवढा दिला, बाय, आनि त्या म्हातारीला नाय पोचला? कोनी खाल्ला मंग?"

सरोज घटाघटा पाणी प्यायली. परत जाताना काळुराम तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत बांध लागला. ज्या जागी युनियनच्या माणसांनी चिखल टाकला होता तिथे गवत उगवलं होतं. तो म्हणाला, "बघा, टिकलाय," आणि ती म्हणाली, "हो."

ती घरी पोचली तेव्हा सभा भरली होती. बाक, दाराचा उंबरा, जिना, सगळीकडे माणसं. भाऊ बिवलकरच्या बहिष्काराचा ठराव वाचून झाला होता, हात वर करायचे बाकी होते. सरोज वहाणांसकट खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"काळुरामनंच त्याला जा म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "भाऊ विचारायला गेला होता कोलशेतला. तुमच्यापैकी कोण गेलं होतं?"

मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "वहिनी, चहाचं बघता का जरा?"

त्र्यंबकराव घसा साफ करत म्हणाले, "अगं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. काळुरामला त्यातलं काय कळणार?"

सरोज नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. हा माणूस वाईट नव्हता. कमरेइतक्या चिखलात त्या काळुरामच्या शेजारी तो उभा राहिला होता. ज्याच्यासाठी संप केला त्याला संपातलं काही कळत नाही, असं तो आता मनापासून म्हणत होता. ओरडावं तर कोणावर, आणि काय म्हणून? ती आत गेली. पाठीमागे हात वर झाल्याचं तिला मनगटांवरच्या बाह्यांच्या सळसळीनं कळलं. चुलीवर आधण ठेवायचं सोडून तिनं माठाची जुडी उचलली, विळी आणि ताट घेतलं, आणि त्या सगळ्या माणसांच्या मधून वाट काढत ती बाहेर पडली.

"कुठे चाललीस?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"भाजी निवडायला."

सबंध चाळ बघत असताना ती शेवटच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत कोणीतरी हललं, मग थांबलं. दार उघडलं नाही. सरोजनंही हाक मारली नाही. रागानं पानं ओरबाडत ती निवडत होती, जाड देठं कडेला टाकत होती. खाली अंगणात सभेची माणसं घोळक्यानं उभी राहून तिच्याकडे बघून कुजबुजत होती. चित्रा आपल्या दारात आली, तिच्याकडे पाहून आत गेली, पुन्हा बाहेर आली.

बऱ्याच वेळानं दाराच्या फटीतून वेणूकाकूंचा कोरडा आवाज आला.

"देठं टाकू नकोस गं. त्यांचीही भाजी होते. तुला कोणी शिकवलं नाही का काही?"

"नाही," सरोज म्हणाली आणि कडेला टाकलेली देठं उचलून पुन्हा ताटात घेऊ लागली.